घरातल्या बाटल्यांची बेरीज



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे पूर्वी कंपाउंडरी केलेल्या एका गृहस्थांनी मला त्यांची एक सवय सांगितली. पोराला औषध लिहून देण्याआधी डॉक्टर विचारायचे, "घरात आधीच काय काय चालू आहे?" आजचं माझं बोलणं याच एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आयोजकांनी विषय दिलाय, लहान मुलांना व्हिटॅमिन आणि माशाचं तेल किती द्यावं. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लवकरची एसटी गाठायची आहे त्यांची ती चुकायला नको. जन्मल्यापासून वर्षाचं होईपर्यंत बाळाला रोज 400 युनिट व्हिटॅमिन डी द्यावं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हेच सांगते, कारण आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी डी पुरेसं नसतं. वर्षानंतर मुलाची गरज 600 युनिटची, पण ती ऊन आणि जेवण मिळून भागावी अशी अपेक्षा आहे, बाटलीतून नव्हे. सरकारी कार्यक्रमातून व्हिटॅमिन ए आणि लोहाचं सिरप मिळतं. खेळतंय, जेवतंय, वाढतंय अशा मुलाला याच्या पलीकडे कुठलीच बाटली लागत नाही. माशाचं तेलही नाही.

आता उरलेल्या वेळात, हे इतकं सोपं असूनही घोळ कुठे होतो ते बघू.

आधी हे मान्य करू की कमतरता खोटी नाही. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 18 टक्क्यांमध्ये व्हिटॅमिन ए कमी होतं, तर 14 टक्क्यांमध्ये डी. म्हणजे टॉनिकवाल्यांनी सगळंच भय उभं केलंय असं नाही. पण ज्या 18 टक्क्यांत कमतरता असते ती मुलं आणि ज्यांच्या फ्रिजच्या दारात चार बाटल्या असतात ती मुलं, ही बहुतेक वेळा एक नसतात. बारामती-इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांत हे फार जवळून दिसतं. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातल्या बंगल्यात अतिरेक, आणि त्याच बंगल्यासमोरच्या फडात ऊसतोडणीच्या टोळीच्या कोपीत शून्य. मधे फक्त एक रस्ता. त्या कोपीकडे मी शेवटी येतो.

आता पाटीवर एक हिशेब मांडतो. बारामतीतलं साधारण तीन वर्षांचं पोर घ्या. त्याला व्हिटॅमिन ए रोज किती लागतं? आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात एक ते तीन वर्षांसाठी 390 मायक्रोग्रॅम दिलेत. आणि रोज जास्तीत जास्त किती चालेल? तयार स्वरूपातल्या ए ची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम. गरज आणि मर्यादा यांच्यातलं अंतर दुपटीचंसुद्धा नाही, हे लक्षात ठेवा. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. ए आणि डी चरबीत विरघळतात, यकृतात आणि चरबीत साठून राहतात. आजचं जास्तीचं उद्याच्या खात्यावर जमा होतं.

या पोराला अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी ए ची मात्रा मिळते, 2 मिलिलिटर. त्यात 2 लाख युनिट असतात. आकडा ऐकून दचकू नका. ही मात्रा साठवणीची आहे. 2 लाख युनिट म्हणजे 60,000 मायक्रोग्रॅम, त्याला सहा महिन्यांच्या 182 दिवसांनी भागलं की रोजचे साधारण 330 येतात. म्हणजे रोजच्या गरजेचा बराचसा भाग सरकारने आधीच चमच्याने घातलेला आहे.

पुढे दूध. पिशवीवर निळं अधिकचं चिन्ह आणि शेजारी 'एफ' असं बोधचिन्ह असेल तर त्या दुधात ए आणि डी वरून मिसळलेलं असतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमाप्रमाणे लिटरमागे ए 270 ते 450 मायक्रोग्रॅम, डी 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम. दोन पेले, म्हणजे 400 मिलिलिटर दूध पोटात गेलं की ए चे 108 ते 180 आले. खाद्यतेलाच्या पिशवीवरही तेच चिन्ह असतं, तिथे ग्रॅमला 6 ते 9.9 मायक्रोग्रॅम. भाजीआमटीतून तीन छोटे चमचे तेल पोटात गेलं तर आणखी 90 ते 150. फोडणीत थोडं जळतं, ते सोडून द्या.

करा बेरीज. 530 ते 660. अजून एकही बाटली उघडलेली नाही आणि आपण मर्यादेच्या उंबऱ्यावर आहोत.

आता आजी म्हणते, पोर सारखं सर्दीने बेजार आहे, त्याला कॉड लिव्हर ऑइल सुरू करा, आमच्या वेळी देत होते. साध्या कॉड लिव्हर ऑइलच्या एका छोट्या चमच्यात 4,500 युनिटच्या आसपास ए असतं, म्हणजे 1,350 मायक्रोग्रॅम. बेरीज गेली दोन हजाराच्या घरात. वर दुधात मिसळायची पावडर, तिच्या डब्यावर बारीक अक्षरात पुन्हा ए आणि डी. वर मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, कारण ते गोड आहे आणि पोर मागून पितं. या घरातला प्रत्येक माणूस शहाणा आहे आणि प्रत्येक बाटली आपापल्या जागी कायदेशीर आहे. फक्त बेरीज कुणी केलेली नाही.

मर्यादा ओलांडली म्हणजे त्याच दिवशी विषबाधा झाली असं नाही. मर्यादा ठरवताना सुरक्षिततेला वाव ठेवलेला असतो. शिवाय गाजर, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, मेथी यांतून येणारं कॅरोटीन या हिशेबात धरायचंच नाही, कारण शरीर त्यातून गरजेपुरतंच ए बनवतं. गाजराने फार तर तळहात पिवळे होतील. पण तयार ए चं खातं महिनोन्महिने असं फुगत राहिलं तर चिडचिड, भूक मंदावणं, हाडं दुखणं, त्वचा सोलणं, केस गळणं, यकृताला सूज असा गोतावळा सुरू होतो. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. आणि गंमत म्हणजे भूक मंदावली की त्याच घरात भुकेचं टॉनिक येतं.

ही सरकारी मात्रा आली कुठून, तेही सांगतो. 1970 साली देशात हा कार्यक्रम सुरू झाला, तो कुपोषणापायी मुलं आंधळी होत होती म्हणून. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली त्याची शास्त्रीय बैठक तयार झाली. दोन वर्षांनी आपल्याकडे 1972 चा दुष्काळ पडला. सुकडीवर दिवस काढलेली माणसं या सभागृहात असतील. भाजी नाही, दूध नाही अशा काळात सहा महिन्यांची शिदोरी एका चमच्यात देण्याला मोठा अर्थ होता. आता बंगळुरूचे डॉ. अनुरा कुर्पाड, दिल्लीचे डॉ. हर्षपाल सिंह सचदेव यांच्यासारखे संशोधक विचारतात की सरसकट प्रत्येक मुलाला ही मात्रा अजून लागते का. माझ्या मते प्रश्न रास्त आहे. पण तो धोरण ठरवणाऱ्यांसाठी आहे. 'डॉक्टरच म्हणाले नको' असं म्हणून आपण अंगणवाडी चुकवायची आणि दुकानातून बाटली आणायची, हा त्याचा अर्थ नव्हे. चुकवायची असेल तर बाटली चुकवा.

बेरीज न केल्याने काय होतं, याचा धडा इंग्लंडला मिळून सत्तर वर्षं झाली. महायुद्धात तिथल्या सरकारने मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून कॉड लिव्हर ऑइल वाटलं. बाळाच्या दूध पावडरीत डी घातलं. सिरियलमध्येही घातलं. हेतू उत्तम. पण तिन्ही एकाच बाळाच्या पोटात जाऊ लागल्यावर काहींना दिवसाला 4,000 युनिटपर्यंत डी मिळायला लागलं. 1953 ते 1955 या दोन-अडीच वर्षांत रक्तात कॅल्शियम वाढून आजारी पडलेल्या बाळांच्या दोनशेच्या आसपास नोंदी झाल्या, आणि 1957 मध्ये सरकारने डी ची प्रमाणं खाली आणली. हजारो बाळांनी तेच खाल्लं, मग आजारी एवढीच का? याचं उत्तर बऱ्याच अंशी 2011 मध्ये मिळालं. काही बाळांमध्ये डी मोडीत काढणाऱ्या जनुकातच दोष असतो. त्यामुळे 'शेजारणीच्या पोराला सोसलं' हा पुरावा होत नाही.

डी चा आपल्याकडचा घोळ दोन ठिकाणी होतो, ड्रॉपरमध्ये आणि पुडीत.

तान्ह्या बाळाचे डी चे थेंब दुकानात वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात. एका बाटलीत मिलिलिटरला 400 युनिट, दुसरीत 800. खोके दिसायला सारखेच. पहिल्या बाळाच्या वेळी अख्खा ड्रॉपर दिला होता म्हणून दुसऱ्याला पण अख्खा, तोवर बाटली बदललेली. परदेशातून येणाऱ्या बाटल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. काहींत एका थेंबातच 400 युनिट असतात. न्यू जर्सीहून काकू ती आणते, इथे आई सवयीने एक मिलिलिटर भरते. मिलिलिटरमध्ये सुमारे तीस थेंब. म्हणजे 12,000 युनिट, तेही रोज. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्येच याविषयी पालकांना सावध केलं होतं. सहा महिन्यांखालच्या बाळाची रोजची कमाल मर्यादा 1,000 युनिट आहे, सहा ते बारा महिन्यांची 1,500, एक ते तीन वर्षांची 2,500. मुडदूस किंवा सिद्ध झालेली कमतरता असेल तेव्हा डॉक्टर वर्षाखाली रोज 2,000 आणि वर्षानंतर 3,000 युनिट बारा आठवडे देतात, पण ते उपचार आहेत. त्यांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून आणायचं ते टॉनिक नव्हे.

आणि पुडी. 60,000 युनिटची दाणेदार पुडी. मोठ्या माणसाला आठवड्याला एक देतात, आजकाल बहुतेक घरांत गुडघेदुखीपायी ती असतेच. 400 ने भागून बघा, एका पुडीत तान्ह्या बाळाचं पाच महिन्यांचं डी आहे. माझ्याकडे एकदा सात महिन्यांचं बाळ आणलं होतं. शी घट्ट, सारख्या उलट्या, लंगोट भराभर ओले आणि तरी जीभ कोरडी, महिन्याभरात वजन खाली. आईला वाटत होतं दात येतायत. मी टेबलावर घरातली सगळी औषधं मांडायला सांगितली. पिशवीतून सहा-सात बाटल्या निघाल्या आणि तळाला रिकाम्या पुड्यांची चळत, रबर लावून ठेवलेली. आजोबांच्या पुड्या. पोराचे पाय वाकडे वाटतात म्हणून कुणीतरी 'अर्धी पुडी देत जा' म्हटलं होतं, किती दिवसांनी ते विचारायचं राहिलं. रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं होतं. सलाईन, औषधं, डी पूर्ण बंद, बाळ सावरलं. पण डी चरबीत बसलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियम कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होतं. उशीर झाला असता तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचलं असतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

माप चुकलं की चांगला कार्यक्रमही अंगलट येतो, हे आसाममध्ये 2001 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. व्हिटॅमिन ए च्या मोहिमेत नेहमीच्या 2 मिलिलिटरच्या चमच्याऐवजी 5 मिलिलिटरचे कप वाटले गेले. अनेक मुलं आजारी पडली, काही दगावली. मृत्यू मात्रेमुळेच झाले का, यावर पुढे वाद झाला. पण ज्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये लाख युनिट आहेत, त्याच्याबरोबर मोठं माप ठेवायचं नाही, यावर वाद नाही. आपल्या सिस्टर आणि अंगणवाडी ताई बाटलीबरोबर आलेलाच चमचा वापरतात, नऊ महिन्यांच्या बाळाला अर्धा आणि मोठ्याला पूर्ण, आणि बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहितात, कारण ती आठ आठवड्यांत संपवायची असते. घरी मात्र आपण स्वयंपाकघरातला हाताला येईल तो चमचा घेतो.

आता माशाचं तेल. पहिली गोष्ट, माशाच्या यकृताचं तेल आणि माशाच्या अंगाचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉड लिव्हर ऑइल हे पहिलं. त्यात ए आणि डी भरपूर, म्हणून त्याचं माप कडक. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचं कॉड तेल यायचं थांबलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली, तेही याच जातीचं. दुसरं, साधं फिश ऑइल, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांच्या अंगातून काढतात. त्यात ए नसल्यात जमा. ते घेतात ओमेगा-3 साठी, म्हणजे ईपीए आणि डीएचए. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकसारख्याच सोनेरी कॅप्सुलांत असतात. म्हणून 'माशाचं तेल द्या' एवढं म्हणून आणलेल्या बाटलीवर 'लिव्हर' हा शब्द आहे का, ते आधी बघा.

ओमेगा-3 किती? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी दोन ते चार वर्षांसाठी ईपीए-डीएचए मिळून रोज 100 ते 150 मिलिग्रॅम सुचवलंय, चार ते सहा वर्षांसाठी 150 ते 200. ही आहारातल्या एकूण सेवनाची गोष्ट आहे. कॅप्सुलीवर ठळक अक्षरात '1000 मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. मागे उलटून वाचलं तर सर्वसाधारणपणे ईपीए 180, डीएचए 120, म्हणजे कामाचं 300. फिश ऑइल जास्त झालं तर ए-डी सारखी विषबाधा होत नाही. जुलाब, मळमळ, आणि ढेकरेला मासळी बाजार. पण छोट्या मुलाच्या घशात अख्खी कॅप्सूल अडकू शकते, आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये कपाटात ठेवलेलं तेल खवट होतं. खवट वास आला की फेकून द्या, महागाचं असलं तरी.

त्याने पोर हुशार होतं का? ऑक्सफर्डमध्ये वाचनात मागे पडणाऱ्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना 16 आठवडे रोज 600 मिलिग्रॅम डीएचए देऊन पाहिलं. 2012 च्या निकालात सगळ्यात कच्च्या मुलांच्या वाचनात थोडी सुधारणा दिसली. त्याच मंडळींनी नव्या मुलांवर तोच प्रयोग पुन्हा केला आणि 2018 मध्ये प्रामाणिकपणे सांगितलं की या वेळी फरक दिसला नाही. जाहिरातवाले पहिला निकाल सांगतात.

इंदापूरकर विचारतील, आमच्याकडे उजनीचं पाणी आहे, भिगवणचा मासळी बाजार आहे, मग तेल कशाला? बरोबर. रोहू, कटला, चिलापी, मरळ या गोड्या पाण्यातल्या मासळीत बांगडा-तारलीइतकं ओमेगा-3 नसतं, पण प्रथिनं, बी-12, खनिजं सगळं असतं. ते तेलाच्या कॅप्सुलीत नाही. काटे नीट काढून आठवड्यातून दोनदा मासा खाणाऱ्या पोराला मी कधीच तेल लिहून देणार नाही. शाकाहारी घरात जवसाची चटणी, अक्रोड. त्यातल्या ओमेगा-3 चं शरीर थोडंच डीएचए करतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी बाटली लागते असं मला वाटत नाही.

एक धोका मात्र माशाच्या तेलापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्यावर कुणी व्याख्यान ठेवत नाही. लोहाच्या गोळ्या. गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. पोराच्या वजनाच्या किलोमागे 60 मिलिग्रॅम पोटात गेलं तर जीव धोक्यात येतो. दहा किलोचं, वर्ष-दीड वर्षाचं पोर म्हणजे दहा गोळ्या. लाल, गुळगुळीत, चॉकलेटच्या गोळीसारख्या. आई दुसऱ्यांदा गरोदर, पहिलं नुकतंच चालायला लागलेलं, गोळ्या उशाशी. पोराने त्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट बघत बसू नका. पाकीट बरोबर घेऊन थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा. सुरुवातीच्या उलट्यांनंतर पोर काही तास बरं दिसतं, आणि मग कोसळतं. पोराचं स्वतःचं लोहाचं सिरप वेगळं आहे: सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, एका वेळी 1 मिलिलिटर, त्यात 20 मिलिग्रॅम. ते जरूर द्या.

या सभागृहात मेडिकल दुकानवाले बरेच आहेत, म्हणून त्यांना एक विनंती. तान्ह्या बाळाचे डी चे थेंब देताना बिलाबरोबर बिनसुईची एक मिलिलिटरची सिरिंज द्या, आणि रोज कुठल्या रेघेपर्यंत भरायची तिथे पेनाने खूण करून द्या. चार-पाच रुपयांची वस्तू आहे. 60,000 ची पुडी देताना तिच्यावर वार लिहा: 'दर रविवारी'. आणि खाली 'मोठ्यांसाठी'.

दुसरी विनंती कारखान्यांच्या मंडळींना. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, या सगळ्यांच्या गाळपासाठी दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्यांच्या पोरांचं लसीकरणाचं कार्ड गावाकडे पेटीत असतं. गावाकडे व्हिटॅमिन ए ची फेरी होते तेव्हा पोर इथल्या फडात असतं, आणि इथली फेरी होते तेव्हा इथल्या अंगणवाडीच्या यादीत त्याचं नाव नसतं. आज संध्याकाळभर मी ज्या मात्रा मोजल्या, त्या खऱ्या अर्थाने याच पोरांसाठी बनवलेल्या आहेत. टोळीची नोंद करताना मुकादमाकडून पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणि वयं तुम्हाला सहज मिळतील. ती यादी पहिल्या पंधरवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा, आणि सिस्टर फडावर यायची म्हणाली तर तिला गाडी द्या. मात्रा दिल्याची तारीख कार्ड नसेल तर साध्या कागदावर लिहून आईच्या हातात द्या, म्हणजे परत गेल्यावर तिथली सिस्टर तीच मात्रा दुसऱ्यांदा देणार नाही.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी घरून बाटल्या आणल्या असतील त्यांनी पुढे यावं, लेबलं इथेच वाचू.